बाजारातून घरी आलेलं कासव

न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये मासळीच्या दुकानांत टबात भरून जिवंत कासवं विकली जातात, खाण्यासाठी. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं एखादं टबाच्या काठावर पंजे टेकून मान वर काढतं, बघणाऱ्याला कळवळा येतो आणि पैसे मोजून ते घरी आणलं जातं. कळवळा खराच; पण दुकानदारासाठी ती विक्रीच, आणि टबात दुसरं कासव येतं.

जप्त झालेल्या कासवांना घर देण्याचा मार्ग जास्त चांगला. डिसेंबर २००१मध्ये हाँगकाँगला चीनच्या बाजाराकडे निघालेली सुमारे १० हजार कासवं पकडली गेली. कित्येक तहानेने कोरडी पडलेली, जखमी. तिथल्याच काडूरी फार्म या संवर्धन केंद्राने त्यांना सांभाळलं. पुढे हजारो कासवं विमानाने फ्लोरिडात नेली, पशुवैद्यांनी तपासली आणि मग जाणत्या पाळणाऱ्यांकडे सोपवली.

नवं कासव आधी वेगळं ठेवावं. नाकातून बुडबुडे येत असतील, पोहताना ते एका बाजूला कलत असेल, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. कासवांकडून होणाऱ्या साल्मोनेला जिवाणूंच्या संसर्गाच्या भीतीनेच अमेरिकेने १९७५मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

लाल पट्ट्याचं कासव तीस वर्षंही जगतं आणि ताटाएवढं होतं. कंटाळून ते तळ्यात सोडणं सर्वांत वाईट, कारण तिथल्या मूळच्या कासवांचं अन्न आणि जागा ते बळकावतं. आपल्याकडेही मत्स्यालयांच्या दुकानांतून घेतलेली ही कासवं तळ्यांत सोडली जातात.