एक्केचाळीस वर्षांनंतरचे जेवण

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात पाचव्या दिवशी सायंकाळी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गेली कित्येक वर्षे या मांडवात माझे काम म्हणजे वायरिंग आणि वर्गणीच्या पावत्या. भाषण हा माझा प्रांत नाही. पण आमच्या वाचनकट्ट्यावर या वर्षी एका पुस्तकावरून जो गोंधळ झाला, तो सर्वांना सांगा, असा कार्यकारिणीचा आग्रह पडला. म्हणून उभा आहे.

पुस्तक हंगेरियन आहे. लेखक शान्दोर माराई. जन्म 1900 सालचा, कश्शा या गावचा. ते गाव आज स्लोव्हाकियात आहे. कादंबरी 1942 साली बुडापेस्टला निघाली. पुढे कम्युनिस्ट राजवट आली आणि 1948 साली माराईंनी देश सोडला तो कायमचा. सोव्हिएत फौजा जाऊन मोकळ्या निवडणुका होईपर्यंत माझी पुस्तके हंगेरीत छापायची नाहीत, असा त्यांचा हट्ट होता. अमेरिकेत सान दिएगोला, आधी पत्नी आणि मग मुलगा गेल्यावर, फेब्रुवारी 1989 मध्ये त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरात हंगेरीत प्रजासत्ताक जाहीर झाले. आठ महिने! आपल्या बडोद्यात नोकरीनिमित्त येऊन इथेच म्हातारे झालेल्या माणसांना ही गोष्ट जरा जास्तच लागते. अर्थात आपण गाडीत बसलो की रात्रीत मुंबई गाठतो, तेव्हा तुलना फार ताणत नाही.

इटालियन भाषांतरामुळे 1998 साली हे पुस्तक जगापुढे पुन्हा आले. इंग्रजी 2001 चे, आणि तेही हंगेरियनवरून नव्हे, जर्मनवरून केलेले. म्हणजे हंगेरियनचे जर्मन, जर्मनचे इंग्रजी, आणि आमच्या ओसरीवर चर्चा मराठीत. मूळ नावाचा अर्थ मेणबत्त्या बुडापर्यंत जळतात, असा. इंग्रजीत झाले 'एम्बर्स', म्हणजे निखारे. मला मेणबत्त्याच बऱ्या वाटतात. निखाऱ्यावर फुंकर घातली तर पुन्हा पेटतो; बुडापर्यंत जळलेल्या मेणबत्तीचे तसे नाही.

कथा थोडक्यात. कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याशी एका वाड्यात पंचाहत्तरीचा जनरल हेन्रिक एकटा राहतो. सोबतीला नव्वदी ओलांडलेली दाई, नीनी. साल 1940. एक दिवस निरोप येतो की कोनराड येतो आहे. हा वयाच्या दहाव्या वर्षापासूनचा, लष्करी शाळेतला जिवलग मित्र. 1899 च्या जुलैत हे दोघे शिकारीला गेले होते. समोर हरीण उभे. मागे उभ्या कोनराडने बंदूक उचलली, आणि पाठमोऱ्या हेन्रिकला कळले की नेम हरणावर नाही, आपल्यावर आहे. हरीण उधळले, बंदूक खाली आली. त्या रात्री हेन्रिक, कोनराड आणि हेन्रिकची बायको क्रिस्टिना एकत्र जेवले. दुसऱ्या दिवशी कोनराड नाहीसा झाला, पार उष्ण कटिबंधात. हेन्रिक त्याच्या घरी गेला, तर मागोमाग क्रिस्टिना तिथे आली. मित्र पळाल्याचे कळताच ती एकच शब्द बोलली, 'भ्याड', आणि निघून गेली. त्यानंतर आठ वर्षे नवरा शिकारीच्या बंगलीत, बायको वाड्यात, शब्द नाही. ती गेली. आणि आता एक्केचाळीस वर्षांनी दोघे म्हातारे एका टेबलावर जेवायला बसतात.

एवढेच. बाकी सगळे बोलणे, आणि तेही बहुतेक जनरलचेच.

पुस्तकाची एकच प्रत होती. ती सहा घरांतून फिरली आणि कट्ट्यावर सहा कादंबऱ्या होऊन परत आली. आमच्यातला सर्वांत तरुण मेंबर म्हणाला, "काका, एवढी वर्षे थांबायचं कशाला? एक पत्र टाकायचं. आणि हा जनरल म्हणजे अप्रेजलला बसलेला बॉस आहे, समोरच्याला बोलूच देत नाही." हशा झाला, पण मुद्दा खोटा नाही.

मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या बाई मात्र हसल्या नाहीत. जनरलकडे क्रिस्टिनाची पिवळ्या मखमली बांधणीची रोजनिशी आहे, मोहोरबंद. कोनराड माझा जीव घेणार होता हे तिला माहीत होते का, हे त्या वहीत असणार. पण ती न उघडताच तो शेकोटीत टाकतो. बाई म्हणाल्या, "दोन पुरुष रात्रभर तिच्याविषयी बोलतात. तिला लेखकाने एक शब्द दिला, आणि तिची जी एक वही होती ती यांनी जाळली. कोणाला विचारून?" आम्ही पुरुष मंडळी तोवर त्या जाळण्यात मोठे औदार्य शोधत होतो. नंतर पाच मिनिटे कोणी चहासुद्धा ढवळला नाही.

शेजारचे गुजराती प्रोफेसरसाहेब कायद्याचे. त्यांचे म्हणणे, गोळी सुटलीच नाही, मग गुन्हा कोणता? पाठमोऱ्या माणसाची साक्ष कोण धरणार? यावर दोन बैठका गेल्या, निकाल नाही.

पण मला सर्वांत लागले ते आमच्या अकाउंट्समधल्या एका जुन्या सहकाऱ्याचे. कोकणातून शिष्यवृत्तीवर शिकलेला माणूस, एरवी अबोल. तो म्हणाला, "तुम्ही सगळे बंदुकीवर बोलताय. मी हातमोज्यांवर अडलोय." कोनराडचे आईवडील गॅलिशियातले, गरीब. मुलगा अधिकारी व्हावा म्हणून ते पोटाला चिमटा घेतात. त्याचा एकेक हातमोज्यांचा जोड म्हणजे घरातली काहीतरी काटकसर. हेन्रिक श्रीमंत आणि मनाचा मोकळा, त्याला मित्राबरोबर सगळे वाटून घ्यायचे आहे. कोनराड पैसे घेत नाही. आमचा सहकारी म्हणाला, "देणाऱ्याला मैत्री सोपी असते. माझा एक खोलीमित्र होता, रोज त्याच्या डब्यातलं द्यायचा. मी त्याला कधी माफ केलं नाही." हे वाक्य मी चाळीस वर्षांच्या ओळखीत त्याच्याकडून पहिल्यांदा ऐकले.

आता माझी पाळी आली, आणि इथे मला थोडे घरचे सांगावे लागेल.

या मांडवात जुन्या लोकांना आठवत असेल, मखराचे काम आम्ही दोघे करायचो. तो साताऱ्याचा, मी सांगलीचा. मकरपुऱ्यात एकाच कारखान्यात 1978 साली लागलो. एका खोलीत राहिलो, दिवाळी अंक अर्धे अर्धे घेऊन बदलून वाचायचो. पुढे 1991 नंतर त्याने येणे-जाणे तोडले. मांडवात आला तर दुसऱ्या टोकाला उभा राही. मी सगळ्यांना सांगत आलो की मित्राने विनाकारण पाठ फिरवली. म्हणून कट्ट्यावर मी जनरलची बाजू हिरिरीने मांडली. घाव त्याला बसला, आणि तरी तो मित्राची वाट पाहत राहिला, वगैरे.

घरी आल्यावर सौ. म्हणाली, "तुम्ही स्वतःला जनरल समजता होय?"

मी म्हटले, "मग?"

"जनरलने निदान विचारलं तरी. तुमच्या मित्राने कधीच विचारलं नाही, आणि त्याने विचारू नये म्हणून तुम्ही तीस वर्षं देव पाण्यात ठेवून बसलात."

गोष्ट अशी. एका रात्रपाळीत कॉम्प्रेसरचे ऑईल प्रेशर घसरले. त्याने मला घरी फोन करून विचारले, बंद करू का? मी झोपेत म्हणालो, "सकाळपर्यंत चालू दे, आल्यावर बघतो." पहाटे बेअरिंग जाम होऊन मशीन गेले. लॉगबुकात सही त्याची. चौकशीत मला विचारले, फोनवर काय सूचना दिली? मी म्हणालो, "फोन आला होता, नेमके बोलणे आठवत नाही." त्याची बढती तीन वर्षे अडकली. माझी झाली. मला ते बोलणे तेव्हाही शब्दन् शब्द आठवत होते, आजही आठवते.

मी बंदूक रोखली नव्हती, असे मी स्वतःला सांगत आलो. प्रोफेसरसाहेबांच्या कायद्यात कदाचित सुटेनही.

पुस्तकात कोनराड जवळजवळ काहीच उत्तर देत नाही. दोन प्रश्न विचारले जातात; पहिल्याचे उत्तर द्यायला तो नकार देतो. आधी मला वाटले होते, हा त्याचा मानीपणा. दुसऱ्यांदा वाचताना कळले की इतक्या वर्षांनी खरे उत्तर दिले तर मधली वर्षे कशाला गेली, हे आपोआप विचारले जाते, आणि ते ऐकायची त्याची छाती नाही. निदान माझी तरी नव्हती.

तो निवृत्तीनंतर नाशिकला स्थायिक झाला आहे. पत्ता त्याच्या मेहुण्याकडून मिळवला. आषाढात मी ती प्रत कुरिअरने त्याला पाठवली, आत दोन पानी पत्र. पत्रात फोनवरचे बोलणे जसेच्या तसे लिहिले, तारखेसकट, आणि खाली सही केली. तीन आठवडे काही नाही. सौ. रोज दुपारी जाळीच्या दारातून बघायची, मी बघत नाही असे दाखवायचो. मग एक पोस्टकार्ड आले. अक्षर तेच, लॉगबुकातले, तिरके.

"पुस्तक मिळाले. इंग्रजी जड जाते, रोज चार पाने होतात. पत्र वाचले. पुस्तक संपल्यावर लिहीन."

तेव्हा ज्यांनी ज्यांनी माझ्याकडे ती प्रत मागितली आहे, त्यांनी कृपया थोडे थांबावे. तीनशेच्या आत पाने आहेत, पण वाचणारा सावकाश वाचतो आहे. प्रसादाची ताटे आलेली दिसतात.