गॅसवरचा फ्रीज: बिघाड कुठे आहे हे कसं ओळखायचं?



आज आम्ही आमच्या बचत गटाच्या फ्रीजची गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट फ्रीजची आहे, पण तिच्यात आमच्यातल्या दोघीजणी थोडक्यात वाचल्या. म्हणून हातातलं काम चालू ठेवा, पण कान इकडे असू द्या.

आमचा गट पनीर, दही आणि ताक करून आठवडी बाजारात विकतो. उन्हाळ्यात वीज सहा-सहा तास जाते. मग सकाळी लावलेलं दही संध्याकाळी आंबट ढाण! त्यात आमच्या गटातल्या आजींना इन्सुलिनचं इंजेक्शन आहे. ते थंड ठेवावं लागतं. त्याच सुमाराला एका कृषी पर्यटन केंद्राने आपली जुनी कॅरव्हॅन मोडीत काढली. कॅरव्हॅन म्हणजे आत पलंग, ओटा, फ्रीज असलेली फिरती गाडी. तिच्यातला फ्रीज विजेवरही चालतो आणि गॅसवरही, असं कळलं. आम्ही बोली लावून तो घेतला.

आता हा फ्रीज चालतो कसा? घरातल्या नेहमीच्या फ्रीजला मागे कॉम्प्रेसर असतो, तो घर्र्‌ आवाज करतो. ह्याला कॉम्प्रेसर नाही, आवाजही नाही. हा चक्क उष्णतेवर थंड होतो. ऐकून आम्हीही हसलो होतो. पण माठ आठवा. माठातून झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडतं, उडताना माठाची उष्णता घेऊन जातं, म्हणून पाणी गार होतं. ह्या फ्रीजमध्ये तेच काम अमोनिया करतो. मागच्या बंद नळ्यांमध्ये पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन भरलेले असतात. खाली ज्योत किंवा विजेचा हीटर पाण्यात मुरलेला अमोनिया तापवून बाहेर काढतो. तो वर चढतो, वरच्या जाळीत थंड होऊन पातळ होतो, मग फ्रीजच्या आतल्या भागाला लागून असलेल्या नळीत उडतो आणि आतली उष्णता ओढून घेतो. पुढे तो पुन्हा पाण्यात मुरतो आणि खाली येतो. असं चक्र चालू राहतं. 1922 साली स्वीडनमधल्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स ह्या दोन तरुण विद्यार्थ्यांनी ही युक्ती शोधली.

ह्यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. आत पंप नाही. पातळ झालेला अमोनिया आणि पाणी आपल्या वजनाने उतरून खाली येतात. म्हणून फ्रीज सपाट उभा हवा. आमची पहिली चूक इथेच झाली. गटाच्या खोलीची जमीन सारवलेली, पाणी वाहून जावं म्हणून दाराकडे उतार दिलेली. फ्रीज तसाच ठेवला. विजेवर लावला, थंड नाही. गॅसवर लावला, थंड नाही. रात्र गेली तरी आत कोमटच. मग गवंडीकाकांकडून लेव्हल आणली, फ्रीजच्या आत तळाशी आडवी-उभी ठेवून पाहिली आणि पायांखाली फळ्या सरकवल्या. विजेवर दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फाचा कप्पा पांढरा झाला. बायांनो, हा फ्रीज सावकाश काम करतो. थंड व्हायला आठ-बारा तास लागतात. अर्ध्या तासाने दार उघडून "बिघडला" म्हणायचं नाही. आणि तिरका ठेवून मात्र चालवत राहायचं नाही. खालची नळी फाजील तापते, आतून चोंदते, आणि मग तो कायमचा जातो.

आठ दिवस झाले. वीज गेली की आम्ही गॅसवर लावायचो. ज्योत पेटायची, पण थंडावा जेमतेम. बाजाराच्या आदल्या रात्री आमच्यातल्या दोघी त्याच खोलीत झोपल्या. डास येतात म्हणून खिडकी लावलेली, दार लोटलेलं. पहाटे उठल्या तर दोघींचं डोकं ठणकत होतं, एकीला मळमळत होतं. बाहेर ओट्यावर बसल्या, तासाभरात बरं वाटलं. आम्ही म्हटलं, जागरण झालं, पित्त झालं. पुढच्या बाजाराच्या वेळी पुन्हा तेच. ह्या वेळी एक ताई उठताना भोवळ येऊन दाराला धडकल्या. तरी आमच्या मनात फ्रीज आला नाही. थंड होत नाही एवढीच आमची तक्रार होती.

शेवटी तालुक्याहून फ्रीजचा मेकॅनिक बोलावला. त्याने मागे डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "गॅस गेलाय, भरावा लागेल. साडेतीन हजार." गटाची सभा बसली. एकजण म्हणाली भंगारात द्या, एकजण म्हणाली घेतानाच आम्ही नको म्हणत होतो. आवाज चढले. फ्रीज घ्यायला ज्यांनी जोर केला होता त्या ताई रडकुंडीला आल्या.

तेव्हा एका मावशींची लेक बोलली. ती आयटीआयला इलेक्ट्रिशियनचं शिकते. तिने एकच विचारलं, "विजेवर थंड होतो ना? मग आतला गॅस गेला कसा?"

सगळ्या गप्प. पोरीचं म्हणणं सरळ होतं. थंड करणाऱ्या नळ्या वीज आणि गॅस दोन्हींसाठी एकच आहेत. फक्त खालचं तापवणं वेगळं. एका बाजूने थंड होतो म्हणजे नळ्या धड आहेत. बिघाड तापवण्यात आहे. शिवाय ह्या फ्रीजच्या नळ्या कारखान्यातच वितळजोड करून बंद केलेल्या असतात. त्यात नेहमीच्या फ्रीजसारखा गॅस भरता येत नाही.

हा हिशोब लिहून घ्या, हाच आजच्या बोलण्याचा गाभा आहे.

विजेवर चालतो, गॅसवर नाही: ज्योतीच्या बाजूला पाहा.

गॅसवर चालतो, विजेवर नाही: हीटर, त्याची वायर किंवा स्विच पाहा.

दोन्हींवर नाही: आधी सपाटी पाहा, मग मागे हवा खेळते का पाहा, मग दाराचं रबर पाहा. हे सगळं ठीक असूनही थंड होत नसेल, तर नळ्यांचा संच गेला असं समजा.

आमचा फ्रीज पहिल्या प्रकारातला. लेकीने सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायला लावला, फ्रीज गार होऊ दिला आणि मागचं खालचं पत्र्याचं झाकण काढलं. आत काजळीच काजळी. बर्नरच्या नळीत, जिथून हवा आत जाते तिथे, कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं! गाडी कितीतरी दिवस उभी होती, तेव्हा केलं असणार. हवा पुरत नव्हती, म्हणून ज्योत निळी न येता पिवळी, लवलवती येत होती. पिवळ्या ज्योतीला ताप कमी, म्हणून थंडावा कमी.

आणि मग ती पोर थांबली. म्हणाली, "ह्या खोलीत कुणी झोपतं का?"

अर्धवट जळलेल्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, भोवळ येते, मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटतं. झोपेत जास्त गेला तर माणूस उठतच नाही. आमच्या त्या दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. थंड न होणारा फ्रीज आणि ठणकणारं डोकं, दोन्हींचं कारण एकच होतं, आणि आम्ही ते पित्तावर ढकललं होतं. साडेतीन हजारांचा वाद त्या क्षणी मिटला.

मग काम असं केलं. माती आणि काजळी मऊ ब्रशने काढली. ज्या बारीक छिद्रातून गॅस येतो तो जेट काढून स्पिरिटमध्ये भिजवला आणि फुंकून वाळवला. त्यात सुई किंवा टाचणी घालायची नाही. छिद्र केसाएवढं जरी मोठं झालं तरी ज्योत बिघडते. वरच्या धुराड्याच्या नळीत पत्र्याची पिळदार पट्टी लोंबते, ती काढून नळी झाडली आणि पट्टी होती त्याच उंचीला परत अडकवली. गॅसचे जोड गॅस एजन्सीच्या मेकॅनिककडून तपासून घेतले. त्याने साबणाचा फेस लावून पाहिलं. काडी पेटवून गळती कधीही पाहू नका.

ज्योत पेटली, निळी आली. पण बटण सोडलं की विझायची. ही दुसरी खोड. ज्योतीत एक धातूचं बोंड असतं, त्याला थर्मोकपल म्हणतात. ते तापलं की नखभर वीज तयार होते आणि तिच्या जोरावर गॅसची झडप उघडी राहते. ज्योत विझली तर झडप आपोआप बंद होते. म्हणजे ती आपली राखण आहे, तिला तारेने बांधून ठेवायचं नाही. पेटवल्यावर बटण पंधरा ते तीस सेकंद दाबून धरायचं. तरीही विझत असेल तर बोंड ज्योतीत नीट येतं का, काजळलं आहे का, मागचा नट सैल आहे का हे पाहायचं. आमचं बोंड वाकून बाजूला गेलं होतं. सरळ केलं, ज्योत टिकली. सिलिंडर नवा लावल्यावर नळीत हवा असते, तेव्हा दोन-चार वेळा पेटवावं लागतं, हेही ध्यानात ठेवा.

पावसाळ्यात उलटं झालं. गॅसवर चाले, विजेवर नाही. लेकीने प्लग काढून मल्टिमीटरने हीटर तपासला. तिचं गणित सोपं आहे: 230 गुणिले 230, भागिले हीटरवर लिहिलेले वॅट. आमचा 125 वॅटचा, म्हणजे सुमारे 423 ओहम यायला हवेत. मीटरने काहीच दाखवलं नाही, म्हणजे आतली तार तुटलेली. तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच वॅटचा हीटर आणून बसवला. ह्या फ्रीजला 12 व्होल्टच्या बॅटरीचीही सोय असते, पण ती गाडी धावताना वापरायची. तो दहा-एक अँपिअर ओढतो. ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडाल तर सकाळी ट्रॅक्टर चालू होणार नाही.

आता जागेबद्दल. कॅरव्हॅनमध्ये ह्या फ्रीजची पाठ गाडीच्या बाहेर उघडते, धूर आणि उष्णता बाहेर जाते. आम्ही तो खोलीत कोंडला, ही आमची सर्वांत मोठी चूक. आता पडवीच्या बाहेरच्या भिंतीत खाली एक आणि वर एक अशा दोन झरोक्यांना पाठ लावून, मधल्या फटी बंद करून तो बसवला आहे. झरोक्यांना जाळी आहे, वर सावली आहे. माशीने पुन्हा घर करू नये म्हणून दर महिन्याला मागे पाहतो. त्या पडवीत कुणी झोपत नाही.

काही खुणा मात्र अशा आहेत की तिथे आपण हात लावायचा नाही. मागच्या नळीवर पिवळी पूड दिसली, किंवा गोठ्यातल्या मुतासारखा उग्र वास आला, तर नळी फुटली आहे. फ्रीज बंद करा, ज्योत-विस्तव दूर ठेवा, सगळ्यांना बाहेर काढा, हवा येऊ द्या. त्या नळ्या कापू नका, वितळजोड करू नका, कुणाला करूही देऊ नका. आत दाब असतो आणि हायड्रोजन पेट घेतो. स्वयंपाकाच्या गॅसचा वास आला तर विजेचं बटण चालू-बंद करू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा, बाहेर या आणि 1906 ह्या क्रमांकावर फोन करा. पिवळी ज्योत आणि डोकेदुखी एकत्र दिसली तर आधी मोकळ्या हवेत या, मग दवाखाना गाठा, आणि डॉक्टरांना "घरात गॅस जळत होता" हे आवर्जून सांगा.

दुरुस्तीच्या त्या दिवसांत आजींच्या इन्सुलिनचं काय केलं? डबीत बंद करून, डबी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ती ओल्या वाळूवरच्या लहान मडक्यात ठेवली आणि मडक्यावर ओलं फडकं घातलं. मडक्यात फ्रीजएवढा गारवा नसतो, चार दिवसांची अडचण तेवढी भागते. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठलं तर ते फेकायचं, वितळवून वापरायचं नाही. आणि पनीर, दूध फ्रीजबाहेर दोन तासांवर राहिलं तर गिऱ्हाइकाला देऊ नका. आम्ही त्या आठवड्याचं पनीर गटातच वाटून लगेच भाजी करून टाकली. तोटा झाला, पण नाव राहिलं.

शेवटी खरं सांगायचं तर हा फ्रीज स्वस्तात चालत नाही. दिवसाला पाव किलोच्या आसपास गॅस लागतो. विजेवरही नेहमीच्या फ्रीजपेक्षा जास्त युनिट जातात. धंद्यासाठी व्यावसायिक सिलिंडरच लावावा लागतो, घरचा लाल सिलिंडर चालत नाही. म्हणून आम्ही वीज असेल तेव्हा विजेवर आणि गेली तरच गॅसवर चालवतो. ज्यांच्या गावात वीज धड असते त्यांनी साधाच फ्रीज घ्यावा.

आमच्या सभेच्या वहीत त्या दिवशी दोन ठराव लिहिले. पहिला, कुठलीही वस्तू भंगारात टाकण्याआधी ती कशाने चालते आणि कशाने नाही, हे आधी तपासायचं. दुसरा, गटातल्या कुणाचं काही दुखलं तर ते "बायकांचं नेहमीचंच" म्हणून सोडायचं नाही. त्या ठरावाखाली सगळ्यांनी सह्या केल्या. आजींनी अंगठा उठवला.

तुमच्या घरात शेगडीची, गिझरची, फ्रीजची ज्योत असेल तर आज संध्याकाळी तिचा रंग तेवढा बघा. निळी असेल तर बरं. पिवळी असेल तर खिडकी उघडा, गॅस बंद करा आणि मेकॅनिकला बोलवा.

येतो आम्ही. नमस्कार!