शस्त्रक्रियेपूर्वीचा एक मिनिट



रुग्णसेवेविषयी बोलताना आपण सहसा एकाच व्यक्तीचा गौरव करतो. ‘अमुक डॉक्टरांच्या हाताला गुण आहे,’ असे म्हणतो. ते खरेही असते. परंतु रुग्णाविषयीचे ज्ञान त्या एका व्यक्तीपाशी कधीच नसते. कोणत्या औषधाचे वावडे आहे हे परिचारिकेला ठाऊक असते, श्वासमार्गाची अडचण भूलतज्ज्ञ जाणतो, तर किती रक्तस्राव संभवतो याचा अंदाज शल्यचिकित्सकाला असतो. हे सारे वेळीच एकमेकांच्या कानी पडले नाही, तर सर्वजण निष्णात असूनही रुग्ण संकटात सापडतो.

यावर जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली एक साधा उपाय पुढे आणला. एकोणीस बाबींची एक पडताळणी-सूची. त्या कार्याचे नेतृत्व डॉ. अतुल गावंडे यांनी केले. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील उटी, हे येथे अभिमानाने सांगावेसे वाटते. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला शस्त्रक्रियागृहातून बाहेर नेण्यापूर्वी, असे तीनदा सर्वांनी थांबावयाचे आणि मोठ्याने बोलावयाचे. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत हा प्रयोग झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ वरून ७ टक्क्यांवर आले.

या सूचीतील एक बाब मला सर्वांत मोलाची वाटते. छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावयाचे. वरवर पाहता हा निव्वळ शिष्टाचार! पण आपल्याकडे वडीलधाऱ्यांना टोकणे उद्धटपणाचे मानतात, आणि मोठ्या सर्जनसमोर नवी परिचारिका तर ओठही हलवीत नाही. तिने एकदा स्वतःचे नाव उच्चारले की, ‘सर, ही बाजू नव्हे,’ हे सांगण्याचे बळ तिला थोडे अधिक येते.

मात्र कागद म्हणजे संवाद नव्हे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांनी ही सूची स्वीकारली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्युप्रमाणात लक्षणीय घट आढळली नाही. याची कारणमीमांसा अनेकांनी केली आहे. माझ्या मते, खुणा करणे सोपे आणि थांबून ऐकणे अवघड, हेच त्यातील मुख्य कारण असावे.

आपल्या समाजातील अनेक संस्था मोतीबिंदू शिबिरे भरवितात, म्हणून हा विषय आज मुद्दाम निवडला. शिबिरात वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली, परस्परांची नावेही ठाऊक नसलेली मंडळी एका दिवसात कितीतरी रुग्ण हाताळतात. यादीतील क्रम बदलला, की एकाच्या भिंगाचा नंबर दुसऱ्याच्या कागदावर जाऊ शकतो. म्हणून रुग्णाला त्याचे नाव व कोणता डोळा हे त्याच्याच तोंडून विचारावे, भुवईवरील खूण पाहावी, मोजमाप घेणाऱ्याने भिंगाचा नंबर स्वतः वाचून दाखवावा. शिबिराच्या अहवालात आपण शस्त्रक्रियांची संख्या ठळक अक्षरांत छापतो. त्याखाली, शंका आल्याने ऐनवेळी किती शस्त्रक्रिया थांबविल्या आणि त्या कोणाच्या सांगण्यावरून, हेही एका ओळीत छापावे, अशी विश्वस्तांना माझी नम्र विनंती आहे.