परिचारिका जादा झाल्या की त्यांचा भाव पाडला?

(वसई येथे भरलेल्या जिल्हा बैठकीत एका निवृत्त परिचारिकेने केलेले भाषण)



आजची बैठक शेतीमालाच्या भावाची आणि तुम्ही मला नर्सेसवर बोलायला उभे केले आहे. कुणाला वाटेल, दवाखान्याचा विषय इथे कशाला? म्हणून सकाळी चहाच्या वेळी मी बायांना एकच प्रश्न विचारला. तुमच्या घरात किंवा भावकीत कुणी मुलगी नर्सिंगला आहे का? तिथे बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी हात वर केले. मग हा विषय दवाखान्याचा राहिला नाही, तो आपल्या घराचा झाला. आणि वाडी विकून किंवा गहाण टाकून जर या मुली शिकत असतील, तर तो जमिनीचाही झाला.

वाडीतून वॉर्डात

मी वाडीतलीच. पहाटेच्या लोकलने फुलांच्या आणि भाजीच्या टोपल्या दादरला जायच्या. संध्याकाळी दलालाची पट्टी घरी यायची. त्या पट्टीत हमाली कापलेली, तोलाई कापलेली, दलाली कापलेली. उरेल ते आपले. पुढे टँकरवाल्यांनी विहिरी उपसल्या, काही ठिकाणी पाणी मचूळ झाले, इमारती वाडीच्या कुंपणाला येऊन भिडल्या. निर्मळ असो, गास असो, आगाशी असो, ज्यांच्याकडे दहा-वीस गुंठे राहिले त्यांनी ओळखले की एवढ्यावर पुढची पिढी जगणार नाही. मुलगे नोकरीला गेले, आखातात गेले. मुली नर्सिंगला गेल्या.

आमच्या वेळी सरकारी रुग्णालयात शिकताना राहायला वसतिगृह होते आणि हातात थोडे विद्यावेतन पडायचे. बापाला वाडीचा तुकडा विकावा लागत नव्हता. आज चित्र उलटे आहे. बहुसंख्य जागा खासगी संस्थांत, आणि तिथे मुलगी पैसे भरून शिकते. 2023 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 157 नवी सरकारी नर्सिंग महाविद्यालये जाहीर झाली, तेही चांगलेच. पण शिकून बाहेर पडलेल्या मुलीला दाम काय मिळणार, याचा विचार त्या घोषणेत नव्हता. आपल्याला हे ओळखीचे आहे. पेरा वाढवा म्हणून सांगायला सगळे येतात. भावाचे विचारले की कुणी सापडत नाही.

उत्पादन खर्च काढा

आपल्या चळवळीने आपल्याला एक गोष्ट शिकवली, उत्पादन खर्च काढायला. तोच हिशेब इथे मांडू. आमच्या आळीतल्या एका घराचा सांगते, नाव सांगत नाही. मुलीने जीएनएमचा तीन वर्षांचा कोर्स केला. फी, वसतिगृह, पुस्तके, गणवेश, परीक्षा मिळून 4 लाख रुपये लागले. सगळे कर्जाने, 11 टक्के व्याजाने. नोकरी लागली एका लहान खासगी दवाखान्यात, पगार 12,000. रेल्वेचा पास, रिक्षा, डबा आणि घरखर्चाचा वाटा गेला की 7,000 उरतात. त्यातले 3,700 सुरुवातीला नुसत्या व्याजात जातात. पोरीने स्वतःसाठी एक साडीसुद्धा घेतली नाही आणि 7,000 च्या 7,000 बँकेत भरले, तरी कर्ज फिटायला जवळजवळ सात वर्षे.

तिने पगार वाढवून मागितला. उत्तर काय मिळाले? "तू नको असशील तर बाहेर दहा जणी उभ्या आहेत."

हे वाक्य तुम्ही कुठे ऐकले आहे? बाजार समितीत ऐकले आहे. "आज आवक जादा आहे." 1980 साली चाकणला कांदा रस्त्यावर आला तेव्हाही हेच सांगितले जात होते. माल जादा झाला म्हणून भाव पडला. आपण तेव्हा विचारले होते, जादा कुणाच्या मानाने? खाणाऱ्याच्या ताटात कांदा जास्त झाला आहे का? तोच प्रश्न आज नर्सेसबद्दल विचारायचा आहे.

जादा कुणाच्या मानाने?

देशाच्या नोंदणी पुस्तकात 33 लाखांवर नर्सिंग कर्मचारी असल्याचे सरकारने काही वर्षांपूर्वी सांगितले. पण वर्षानुवर्षे या पुस्तकात नाव एकदा चढले की ते चढलेलेच. निवृत्त झालेली, लग्नानंतर काम सोडलेली, परदेशी गेलेली, सगळ्यांची नावे त्यात. आणि ती सगळी धरूनसुद्धा हजार माणसांमागे सुमारे 2 परिचारिका पडतात. असाव्यात 3. जगाचे म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालाप्रमाणे 2023 साली जगात 58 लाख परिचारिका कमी होत्या.

भारतीय नर्सिंग परिषदेचा नियम असा, की साध्या रुग्णालयात 5 रुग्णांमागे 1 परिचारिका हवी, अतिदक्षता विभागात रुग्णामागे 1. तुमच्यापैकी प्रत्येक जण कधी ना कधी कुणाच्या उशाशी रात्रभर बसला असेल. त्या रात्री वॉर्डात किती खाटा होत्या आणि सिस्टर किती होत्या, ते आठवा.

आता आपल्याच जिल्ह्याच्या पूर्वेला चला. जव्हार आणि मोखाड्याचे नाव महाराष्ट्राला कळले ते 1992 साली वावर-वांगणीत मुले दगावली तेव्हा. आदिवासी भागात 3,000 लोकवस्तीमागे एक आरोग्य उपकेंद्र असावे असा नियम आहे. तिथला सगळा कारभार नर्सबाईच्या जिवावर चालतो. बाळंतपण तिने बघायचे, लस तिने टोचायची, कुपोषित मूल तिने शोधायचे, नोंदवह्याही तिनेच भरायच्या. आणि या कामासाठी माणूस नेमायचे तर कंत्राटावर, बाहेरच्या एजन्सीकडून. 2022 च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या त्या बाह्यस्रोताने भरती करण्याच्या या धोरणाविरुद्धच.

म्हणजे वसईत पोरगी काम मागत फिरते आहे आणि त्याच जिल्ह्यातल्या पाड्यावर बाळंतिणीजवळ सिस्टर नाही. याला जादा म्हणायचे? परिचारिका जादा झालेल्या नाहीत. त्यांना पगार द्यायची तयारी नाही, एवढाच त्याचा अर्थ. आमचे काम सेवा आहे म्हणतात, तसे शेतीला धर्म म्हणतात. ज्याला घामाचे दाम द्यायचे नसतात, त्याच्या तोंडात असले मोठे शब्द येतात.

सर्वोच्च न्यायालयाने 29 जानेवारी 2016 ला खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगारासाठी समिती नेमायला सांगितले. समितीने हिशेब स्वच्छ मांडला. 200 वर खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार. 100 ते 200 खाटांना त्याहून फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 खाटांना फार तर 25 टक्के कमी. आणि 50 हून कमी खाटांच्या दवाखान्यातही महिना 20,000 पेक्षा कमी नाही. अंमलबजावणी राज्यांवर सोडली. तो आकडा आणि आमच्या आळीतल्या पोरीचे 12,000 शेजारी शेजारी ठेवून बघा.

परदेशाचे दार

भाव इथे मिळत नाही म्हणून मुली परदेशी बघतात. मी याच्या विरुद्ध नाही. मी स्वतः आखातात काम केले, त्या पैशावर भावाची विहीर बांधली. ज्याचा माल त्याने हव्या त्या बाजारात न्यावा, हे आपण कांद्यासाठी म्हणतो. मग पोरीच्या कसबासाठी वेगळे का म्हणायचे?

पण त्या बाजाराची माहिती घेऊन जा. आखातात बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा अनुभव मागतात, प्रमाणपत्रांची पडताळणी करतात आणि त्यांची परीक्षा असते. इंग्लंडला इंग्रजीची परीक्षा, मग संगणकावरची परीक्षा, मग तिथे जाऊन प्रात्यक्षिक. अमेरिकेची परीक्षा मुंबईत देता येते, पण पास होऊनही कायमच्या व्हिसाची रांग वर्षानुवर्षांची आहे. जर्मनीला आधी भाषा लागते. 2024 च्या फेब्रुवारीत आपल्या राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. पण करार म्हणजे नेमणूकपत्र नव्हे.

आणि दार उघडे राहील याची हमी कुणाची नाही. इंग्लंडमध्ये परदेशातून येऊन नोंदणी केलेल्या परिचारिका 2024-25 मध्ये आदल्या वर्षीपेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी घटल्या. जुलै 2025 मध्ये तर केअर वर्करची परदेशातून नवी भरतीच बंद झाली. फिलिपाइन्स या देशाने परदेशातल्या मागणीकडे बघून गल्लोगल्ली नर्सिंग कॉलेजे काढली. 2008 च्या मंदीनंतर अमेरिकेची मागणी आटली आणि हजारो मुली अशा अडकल्या, की अनुभवाच्या दाखल्यासाठी रुग्णालयालाच पैसे देऊन फुकट राबायची वेळ आली. नंतर 2020 साली करोनात तिथल्या सरकारने उलटे केले, परिचारिकांच्या बाहेर जाण्यावरच बंदी आणि मग मर्यादा घातली. आपला कांदा आठवा. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी. ज्याने एकाच बाजारावर सगळे लावले, तो सरकारच्या एका फर्मानाने बसतो.

दलाल तोच, पट्टी नवी

दादरच्या पट्टीत निदान कापलेले दिसायचे. नोकरीच्या दलालाची पट्टीच नसते. 2015 साली कोचीत सीबीआयने एक प्रकरण उघड केले. कुवेतच्या नोकरीसाठी एजंटाने परिचारिकेकडून 19,500 रुपये घ्यायचे होते, घेतले साडेएकोणीस लाख. त्याच वर्षी केंद्र सरकारने आखातासह 18 देशांसाठी परिचारिकांची भरती सरकारी संस्थांमार्फत करण्याचा हुकूम काढला. केरळकडे नॉर्का रूट्स आणि ओडेपेक या संस्था तयार होत्या, कारण त्यांनी हा प्रश्न घरचा मानला होता.

कर्ज काय करते, ते 2014 साली इराकमधल्या तिक्रितला दिसले. रुग्णालयाभोवती लढाई चालू होती, आणि आपल्या 46 परिचारिका आत अडकल्या होत्या. त्यातल्या काही जणी परत यायला कचरत होत्या, कारण घरी कर्ज होते आणि पगार थकलेला होता. बंदुकीपेक्षा सावकाराची भीती मोठी. सुदैवाने 5 जुलैला त्या सुखरूप घरी पोचल्या.

माझाही अनुभव सांगते. इथे सही केली त्या करारात एक पगार होता, तिथे उतरल्यावर दुसरा कागद पुढे आला. पासपोर्ट त्यांच्या कपाटात. मी सही केली, कारण परतीच्या तिकिटाचे पैसे नव्हते. बापाने वाडी गहाण ठेवली नव्हती म्हणून वर्षाने मी नोकरी बदलण्याचा हट्ट तरी धरू शकले. ज्या मुलीच्या मागे जमीन गहाण असते तिला हट्ट धरता येत नाही.

आता करायचे काय?

पहिली गोष्ट, एजंटासाठी जमीन विकायची नाही आणि गहाण टाकायची नाही. 1983 च्या उत्प्रवास कायद्याखालच्या नियमाप्रमाणे नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येतात. पावती दिलीच पाहिजे. जो पाच लाख मागतो तो नोकरी विकतो आहे, आणि विकलेली नोकरी बहुधा नसतेच.

दुसरी, एजंटाचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेटवर तपासल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. शंका आली तर मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचे कार्यालय आहे, तिथे जा. भेटीच्या व्हिसावर नोकरीला जायचे नाही. मूळ प्रमाणपत्रे कुणाकडे ठेवायची नाहीत, इथल्या दवाखान्याकडेसुद्धा नाही. 2011 साली मुंबईच्या खासगी रुग्णालयांतल्या परिचारिका बाँड आणि अडकवलेल्या प्रमाणपत्रांविरुद्ध संपावर उतरल्या होत्या, हे आपल्या पोरींना सांगा.

तिसरी, प्रवेश घेताना संस्थेला भारतीय नर्सिंग परिषदेची आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, आणि शिकायला खरे रुग्णालय आहे का, ते बघा. वॉर्ड न पाहिलेली नर्स कुठल्याच बाजारात टिकत नाही.

चौथी मागणी सरकारकडे. उपकेंद्रांच्या आणि जिल्ह्यातल्या रुग्णालयांच्या रिकाम्या जागा कायम नेमणुकीने भरा. 2016 च्या समितीचा पगार खासगी दवाखान्यांना लागू करा. आम्हाला अनुदान नको, शिष्यवृत्तीच्या जाहिराती नकोत. कामाचे दाम द्या, मुली मोखाड्यालाही जातील आणि म्युनिकलाही जातील, आणि दोन्हीकडे आपल्या मर्जीने जातील.

शेवटी घरातल्या पुरुषांना एक सांगते. आपल्या चळवळीने लक्ष्मीमुक्तीत बायकोच्या नावावर जमीन करून द्यायला सांगितले, आणि अनेकांनी केली. आता मुलीच्या शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी जो कागद होईल, त्यावर सही करण्याआधी तिला शेजारी बसवा आणि हिशेब तिच्यापुढे मांडा. कमावणार ती आहे, फेडणारही तीच आहे. मग हिशेब तिच्यापासून लपवायचा कशासाठी?

एवढे बोलून मी थांबते.