चिलखत जड की इंधन?

मे महिन्याच्या सुटीत माझा भाचा आमच्या विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या घरी राहायला आला होता. दिवसभर संगणकावर एकच खेळ. २०१६ साली निघालेल्या या खेळाचं नाव ‘चिल्ड्रन ऑफ अ डेड अर्थ’. अंतराळातली लढाऊ यानं आपणच रचायची आणि झुंजवायची. एका संध्याकाळी म्हणाला, “मामा, तू जन्मभर लेथवर काम केलंस. सांग, यातलं कुठलं यान जिंकेल?”

दोन यानं होती. पहिल्याचं वजन १०० टन, त्यात ६० टन इंधन. दुसरं तसंच, पण वर ४० टनांचं चिलखत. मी अर्थातच चिलखतवाल्याकडे बोट दाखवलं. आणि हरलो!

कारण साधं आहे. यानाचा वेग किती बदलता येईल, हे भरलेल्या आणि रिकाम्या यानाच्या वजनाच्या गुणोत्तरावर ठरतं. त्सिओल्कोव्हस्की या रशियन शिक्षकानं हे सूत्र १९०३ साली मांडलं. इंजिनातून वायू सेकंदाला ३ किलोमीटर वेगानं बाहेर पडत असेल, तर पहिल्या यानाला पावणेतीन किलोमीटरची पुंजी मिळते, दुसऱ्याला जेमतेम पावणेदोन. जड यान पाठलाग करू शकत नाही आणि पळूही शकत नाही.

दुसरी गंमत उष्णतेची. तिथं हवा नाही, त्यामुळे तापलेली अणुभट्टी वाऱ्यानं निवत नाही. उष्णता फक्त प्रारणानं बाहेर टाकायची. त्यासाठी मोठाले, पातळ पंखे पसरावे लागतात. शत्रू नेमके तेच फोडतो. मग तोफा शाबूत असूनही भट्टी बंद करावी लागते. सिनेमातल्या यानांना हे पंखे क्वचितच दिसतात!

हा नुसता खेळ नाही. सोव्हिएत संघानं १९७४ साली सोडलेल्या ‘सल्यूत ३’ या स्थानकावर खरी तोफ होती. ती वळत नसे. नेम धरायला अख्खं स्थानक वळवावं लागे. जानेवारी १९७५मध्ये, आत माणूस नसताना, ती झाडून पाहिली गेली.

भाच्याला मी म्हटलं, “तुझ्या खेळात फुटलेल्या यानाचे तुकडे लढाई संपली की गेले. खऱ्या अंतराळात ते फिरत राहतात.” २००७ साली चीननं सुमारे साडेआठशे किलोमीटर उंचीवर स्वतःचा उपग्रह फोडला. तीन हजारांहून अधिक तुकडे झाले. त्यातले कित्येक अजून घिरट्या घालताहेत. भारतानं २७ मार्च २०१९ला अशीच चाचणी केली, ती मात्र सुमारे ३०० किलोमीटरवर. तुकडे लवकर खाली यावेत म्हणून. तरी काही तुकडे वर उसळलेच.

आमच्या विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात इस्रोच्या ‘विकास’ इंजिनांची घडण वर्षानुवर्षं झाली. १४ जुलै २०२३ला चांद्रयान-३ घेऊन निघालेल्या अग्निबाणात अशी दोन विकास इंजिनं होती. लेथवर घासलेला प्रत्येक ग्रॅम तिथं मोलाचा. वजन वाचवलं म्हणून चंद्र गाठता आला.

भाच्यानं शेवटी चिलखत निम्मं केलं आणि इंधन वाढवलं. नंतर हळूच विचारलं, “मामा, तोफच काढून टाकली तर कुठवर जाईल?”

आम्ही दोघं गणित करत बसलो. जेवायची हाक आली, तेव्हा यान बरंच लांब पोचलं होतं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)