कै. अनुताई वाघ : स्मरण आणि अनुकरण
(पाली, जि. बीड येथील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



गावच्या शाळेची वृद्ध मुख्याध्यापिका निवर्तली म्हणजे सारा गाव हळहळतो. जिने बापाच्या आणि पुढे त्याच्या लेकाच्याही हाती पाटी दिली, तिच्या तसबिरीस हार घातला जातो, शोकसभा भरते, चार माणसे चार आठवणी सांगतात आणि दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून मंडळी घरोघर परततात. दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा नेहमीच्या वेळी होते. ही लोकरीत यथायोग्यच आहे. तथापि जिने जन्मभर मुलांची हजेरी मांडली, त्या बाईचे स्मरण तसबिरीपाशी संपावे, की हजेरीपटापर्यंत पोहोचावे, हा प्रश्न शिक्षकाने स्वतःस विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर शोधताना ज्यांच्या चरित्राकडे पाहावे, अशा एक शिक्षिका महाराष्ट्रात होऊन गेल्या. त्या म्हणजे कोसबाडच्या अनुताई वाघ.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आतच त्यांस वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीच्या वाट्यास माजघराचा अंधार तेवढा येत असे. अनुताईंच्या घरच्यांनी मात्र त्यांचे शिक्षण पुढे चालू ठेवले. त्या शिक्षिका झाल्या. प्रथम नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे आणि नंतर दहा वर्षांहून अधिक काळ पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी अध्यापन केले. दिवसा शिकवावे आणि रात्रीच्या शाळेत शिकावे, अशा क्रमाने १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. पदवी तर त्यांनी वयाची पन्नाशी ओलांडल्यावर मिळविली. ज्या बाईस स्वतःचे शिक्षण असे तुकड्यातुकड्यांनी जोडून घ्यावे लागले, तिला शाळा सुटलेल्या मुलाचे दुःख निराळे समजावून सांगावे लागले नाही.

१९४५ साली ताराबाई मोडक यांच्याशी त्यांची गाठ पडली. ताराबाईंनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्या सहवासात बालशिक्षणाचे कार्य केलेले होते. शहरात रुजलेले हे शिक्षण खेड्यातील गरीब मुलापर्यंत नेण्याचा त्यांचा निश्चय होता. अनुताईंनी पुण्यातील स्थिर नोकरी सोडली आणि ताराबाईंसह बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्रामीण बालशिक्षणाच्या कामास प्रारंभ केला. पुढे १९५७ साली हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेला हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो.

कोसबाडच्या आसपास वारली लोकांचे पाडे. १९४५ साली याच मुलखात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा झाला होता. पिढ्यान्‌पिढ्या जमीनदाराच्या शेतावर राबलेल्या या लोकांस शाळा ही आपली वस्तू आहे, असे वाटण्याचे काही कारण नव्हते. शाळा उघडली, पण मुले येईनात. अशा वेळी पालकांच्या अज्ञानास बोल लावणे आणि पटावर गैरहजेरी मांडून मोकळे होणे सोपे होते. अनुताई आणि ताराबाई यांनी तसे केले नाही. मूल का येत नाही, याचा त्यांनी घरोघर जाऊन शोध घेतला. तेव्हा ध्यानी आले की मूल रिकामे नाही. ते कामावर आहे. मुलगा गुरे राखतो आणि मुलगी धाकट्या भावंडास कडेवर घेऊन बसते.

या शोधातून जे उपाय निघाले, त्यांचे मोल आजही कमी झालेले नाही. मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे त्यांचे सूत्र. मुले पाड्याच्या अंगणात खेळतात, म्हणून बाई अंगणात गेल्या आणि तेथे अंगणवाडी भरली. मुले कुरणात गुरांमागे असतात, म्हणून बाई कुरणात गेल्या आणि कुरणशाळा निघाली. थोरल्या बहिणीस भावंड सोडून येता येत नाही, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आली. तान्हे पाळण्यात निजले म्हणजे बहिणीचे हात पुस्तकासाठी मोकळे होत. या व्यवस्थेस विकासवाडी असे नाव होते. १९७५ साली देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि पुढे अंगणवाडी हा शब्द गावोगाव पोहोचला. आज तो उच्चारताना त्यामागे बोर्डी-कोसबाडची पायपीट आहे, याची आठवण क्वचितच कोणास होते.

शैक्षणिक साहित्यासाठीही त्या अडून बसल्या नाहीत. खडे, शिंपले, बिया, पाने, माती आणि काड्या यांतून मोजणी, रंग, आकार आणि वर्गीकरण शिकविता येते, हे त्यांनी दाखवून दिले. मुलांस नदीवर नेऊन अंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे ही कामेही त्या अध्यापनाचाच भाग समजत. मूल स्वच्छ झाले, त्याला नावाने हाक मारणारे माणूस भेटले, म्हणजे ते आपणहून जवळ येते आणि मग अक्षर शिकविणे अवघड राहत नाही, हा त्यांचा अनुभव होता.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई निवर्तल्या. अनुताईंपुढे त्या वेळी वर सांगितलेला प्रश्नच उभा राहिला असेल. अठ्ठावीस वर्षांची सहकारी आणि मार्गदर्शक गेली होती. अनुताईंचे वय त्रेसष्ट वर्षांचे होते. निवृत्त होण्यास यापेक्षा सयुक्तिक कारण कोणते असणार! परंतु त्यांनी संस्थेची धुरा उचलली, बालसेविकांचे प्रशिक्षण चालू ठेवले, लेखन केले आणि पुढील जवळजवळ दोन दशके कोसबाडची टेकडी जागती ठेवली. ताराबाईंचे स्मारक म्हणून काय उभारावे, याचे उत्तर त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या कामाने दिले. १९८५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आता ही कोसबाडची कथा बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, बिंदुसरेच्या काठी असलेल्या पालीत कशासाठी सांगावयाची? अनुताईंच्या स्मृतिदिनाची तिथी पाहिली म्हणजे याचा उलगडा होतो. सप्टेंबर सरतो, दसरा जवळ येतो आणि बीड जिल्ह्यातील गावांत मुकादमाच्या फेऱ्या सुरू होतात. उचल घेतलेली असते. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि त्या कोयत्यामागे मुलेही ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतात. गाळप संपून ती परत येतात, तोवर पाडवा आलेला असतो आणि शाळेचे वर्ष संपत आलेले असते. फडात मोठी माणसे ऊस तोडतात. कोपीवर तान्ह्याला सांभाळणारी, पाणी भरणारी, भाकरी थापणारी मुलगी असते. वारली पाड्यावरील ती कडेवर भावंड घेतलेली मुलगी आणि उसाच्या फडाशेजारची ही मुलगी यांत वेषाखेरीज काय अंतर आहे?

या मुलीपुढे आणखी एक संकट असते. वयात येणारी लेक कोपीवर एकटी कशी ठेवावी, आणि गावीही कोणाच्या भरवशावर ठेवावी, या चिंतेने आईबाप तिचे लग्न लवकर उरकतात. लग्न झाले की नवा कोयता तयार होतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, बीड जिल्ह्यातील वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शंभरांत चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झाल्याचे आढळले. तेरा वर्षांच्या अनुताईंचे लग्न झाले, त्यास शंभर वर्षे होऊन गेली. तरी हजेरीपटावरून त्या वयाच्या मुलींची नावे अजून गळतच आहेत.

शिक्षकाच्या हाती काय आहे, असे येथे म्हटले जाईल. उसाचा भाव आणि मजुरीचा दर शिक्षक ठरवीत नाही, हे खरे. परंतु अनुताईंच्या हाती तरी वारल्यांची जमीन कोठे होती? जे त्यांच्या हाती होते, ते त्यांनी पूर्ण केले. टोळी निघण्यापूर्वी शिक्षकाने संध्याकाळी त्या घरी जावे. गावी आजी, चुलती, मावशी असे कोणी मुलास सांभाळण्यास तयार आहे काय, हे विचारावे आणि हंगामी वसतिगृहाची सोय आईबापांस नीट समजावून सांगावी. वसतिगृह कागदावर असून चालत नाही. रात्रीच्या जेवणास मूल तेथे सुखाने बसते काय, हेही पाहावे लागते. मूल जाणारच असेल, तर ते कोणत्या कारखान्याच्या परिसरात जात आहे याची नोंद घ्यावी, शिक्षण हमी कार्ड देऊन तेथील शाळेस कळवावे आणि पिशवीत पुस्तके व दोन कोऱ्या वह्या घालाव्यात. आईबापांच्या दूरध्वनीवर पंधरवड्यातून एकदा त्या मुलाशी बोलावे. बाईंनी आपली चौकशी केली, एवढ्यानेही शाळेचा धागा तुटत नाही.

मूल परत आले म्हणजे पहिल्या दिवशी त्याला मागे पडल्याची जाणीव करून देऊ नये. त्याने फडात मोळ्या मोजल्या आहेत, वजनकाटा पाहिला आहे, नवे रस्ते आणि नवी गावे पाहिली आहेत. त्याचे गणित आणि भूगोल तेथूनच सुरू करता येतील. खडे आणि बिया ज्यांनी गणितास लावल्या, त्यांच्या वाटेने जाणाऱ्या शिक्षकास हे सुचणे कठीण नाही. आणि सातवी-आठवीतील एखादी मुलगी दिवाळीनंतर अकस्मात दिसेनाशी झाली, तर नाव कमी करण्याची घाई न करता त्याच दिवशी तिच्या घरी जावे. लग्न ठरल्याचे कळताच आईबापांशी बोलावे आणि बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यास किंवा १०९८ या क्रमांकावर कळवावे. गावाचा रोष पत्करावा लागेल, हे उघड आहे. परंतु गावातील इतर कोणाही माणसापेक्षा त्या मुलीचे वय शिक्षकासच निश्चित ठाऊक असते. ते त्याच्याच हस्ताक्षरात दाखलखारिजाच्या नोंदवहीत लिहिलेले असते.

अनुताईंची तसबीर शाळेत लावावी. २७ सप्टेंबरला तिला हार घालावा, मुलांस त्यांची गोष्ट सांगावी. त्यानंतर त्याच संध्याकाळी हजेरीपट उघडून, येत्या दिवाळीनंतर कोणती घरे रिकामी पडणार आहेत, त्यांवर बोट ठेवावे आणि त्यांतील पहिल्या मुलाच्या घरची वाट धरावी.