टायमिंग: समोरच्याला लागणारा वेळ

(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



आजचा विषय म्हणजे एक शब्द आहे, इंग्रजीतला 'टायमिंग'. बोलण्यापुरता तो आता इंग्रजी राहिलेला नाही. दवाखान्याच्या पाटीवर तो आहे, गॅरेजमध्ये आहे, नाटकाच्या मध्यंतरात वडा खाताना आपल्या तोंडी आहे आणि गेली काही वर्षं वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतही आहे. अमक्या घोषणेच्या टायमिंगवर प्रश्नचिन्ह, तमक्या राजीनाम्याचं टायमिंग. इतक्या ठिकाणी वावरणाऱ्या शब्दाच्या पोटात काय आहे, ते आज नीट पाहू.

इंग्रजीत या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ आजच्या कुठल्याच अर्थाशी जुळत नाही. तेराव्या शतकात त्याचा अर्थ होता घडणं, एखादी घटना. पुढे वेळेची नोंद करणं हा अर्थ आला आणि त्यानंतर वेळ साधणं, जुळवणं हा. आज मुख्यतः हे शेवटचे दोनच चालतात. आपल्याकडच्या इंग्रजीने त्यात एका अनेकवचनाची भर घातली. 'बँकेचे टायमिंग्ज', 'ओपीडीचे टायमिंग्ज' हा खास भारतीय वापर आहे. इंग्लंडमधल्या दुकानावर सहसा तसं लिहिलेलं दिसणार नाही. वेळापत्रकाच्या या अर्थात फार काही दडलेलं नाही, म्हणून तो इथेच सोडतो.

मोजण्याच्या अर्थात मात्र एक गंमतशीर गोष्ट सापडते. रोम ऑलिंपिकमध्ये, १९६० साली, मिल्खासिंग ४०० मीटरमध्ये चौथे आले. अधिकृत वेळ हाती घड्याळाची होती, ४५.६ सेकंद. विद्युत यंत्रावर तीच धाव ४५.७३ नोंदली गेली. माणूस तोच, शर्यत तीच, मग फरक कुठून आला? घड्याळ धरणारा पंच पिस्तुलाचा धूर पाहून बटण दाबतो. धूर दिसणं आणि अंगठा दाबला जाणं यांत थोडा वेळ जातोच. शेवटच्या रेषेवर मात्र धावपटू येताना दिसत असतो, त्यामुळे तिथे अंगठा आधीच तयार असतो. सुरुवातीला उशीर आणि शेवटी तो उशीर नाही, म्हणून हाती घड्याळ वेळ कमी दाखवतं. लॉस एंजेलिसला १९८४ साली ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा ५५.४२ सेकंदांत आल्या आणि कांस्यपदक ५५.४१ ला गेलं. तो शंभरावा भाग अंगठ्याच्या भरवशावर ठेवता आला नसता.

धूर आणि अंगठा यांच्यामधला तो उशीर लक्षात ठेवा. माझं सगळं म्हणणं त्याच्याभोवतीच आहे.

ॲथलेटिक्समध्ये हा उशीर नियमातच लिहिलेला आहे. पिस्तुलाच्या आवाजानंतर ०.१०० सेकंदाच्या आत जो धावपटू पायाखालच्या ठोकळ्यावर जोर देतो, तो बाद होतो. आवाज कानात शिरून, मेंदूतून स्नायूपर्यंत हुकूम पोहोचायला किमान एवढा वेळ लागणारच, त्याआधी हललात म्हणजे तुम्ही ऐकलं नाही, अंदाज बांधलात, असं नियम मानतो. अमेरिकेत यूजीन इथे २०२२ च्या जागतिक स्पर्धेत डेव्हन ॲलन ११० मीटर अडथळ्यांच्या अंतिम फेरीतून बाद झाला. त्याची नोंद होती ०.०९९. एक हजारांश सेकंदाने. नियम फार कडक आहे असं माझं मत आहे, कारण सगळ्यांचे मज्जातंतू एकाच मापाचे नसतात. पण नियमामागचं तत्त्व पक्कं आहे. जगात कुठलीच गोष्ट तात्काळ होत नाही.

आता गॅरेजमध्ये जाऊ. पेट्रोल इंजिनात पिस्टन वर येतो, हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबतो, प्लगमधून ठिणगी पडते, मिश्रण जळतं आणि पिस्टन खाली ढकलला जातो. शाळेत आपण हे एवढंच शिकतो, आणि त्यामुळे वाटतं की पिस्टन अगदी वर पोहोचला की ठिणगी पडत असेल. तसं होत नाही. ठिणगी आधी पडते, पिस्टन अजून वर चढत असतानाच. कारण मिश्रण भडकन एका क्षणात जळत नाही. ज्योत प्लगपासून पसरत पसरत जाते आणि त्याला एक-दोन मिलिसेकंद लागतात. जळण्याचा पुरा जोर यायला हवा तो पिस्टनने वरचं टोक ओलांडून खाली वळताना. म्हणून त्या जोराची तयारी आधीपासून करावी लागते.

इंजिन मिनिटाला १,००० फेरे फिरत असेल तर एका फेऱ्याला ६० मिलिसेकंद लागतात. त्यात दोन मिलिसेकंद म्हणजे फेऱ्याचे १२ अंश. तेच इंजिन ३,००० वर गेलं की फेरा २० मिलिसेकंदांत पुरा होतो आणि तेच दोन मिलिसेकंद ३६ अंश होतात. म्हणजे वेग वाढला की ठिणगी आणखी आधी टाकायला हवी. पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांत हे काम डिस्ट्रिब्यूटरमधली दोन छोटी वजनं करत. शाफ्ट जोरात फिरला की ती बाहेर फेकली जात आणि ठिणगी आपोआप आणखी आधी पाडत.

टायमिंग लावणारा मेकॅनिक ज्यांनी पाहिला असेल, त्यांना आठवेल. डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट सैल करून तो हाताने केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायचा आणि कान इंजिनकडे. ठिणगी फार आधी पडली तर चढावर इंजिन टकटकतं, नॉकिंग होतं. उशिरा पडली तर गाडी ओढत नाही, तापते, पेट्रोल पिते. चांगल्या गॅरेजमध्ये टायमिंग लाइट असे. पहिल्या प्लगच्या ठिणगीबरोबर तो दिवा लखलखतो आणि गरगरणाऱ्या पुलीवरची खडूने ठळक केलेली खूण जागच्या जागी थबकल्यासारखी दिसते. ती खूण इंजिनावरच्या आकड्यासमोर आली की बोल्ट आवळायचा. आता हे सगळं संगणक करतो. पण तो वेगळं काही करत नाही. जळायला किती वेळ लागेल याचाच तो हिशेब मांडतो.

टायमिंग म्हणजे अचूक क्षण पकडणं, असं आपण सहज म्हणतो. माझ्या मते तो क्षण नंतरची गोष्ट आहे. समोरच्या गोष्टीला किती वेळ लागतो हे ओळखणं आणि तेवढं आधी निघणं, यात खरं टायमिंग आहे.

क्रिकेटमध्ये हे फार सुंदर दिसतं. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटल्यावर फलंदाजापर्यंत साधारण अर्ध्या सेकंदात पोहोचतो. पीटर मॅक्लाउड या ऑक्सफर्डच्या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मॅटिंगखाली लाकडी पट्ट्या घालून चेंडू टप्प्यावर अचानक वळेल अशी सोय केली आणि आंतरराष्ट्रीय फलंदाजांना उभं केलं. चेंडू वळल्यावर बॅटची दिशा बदलायला त्यांना सुमारे २०० मिलिसेकंद लागत होते. सामान्य माणसाला लागतात तेवढेच! म्हणजे मोठ्या फलंदाजाचे मज्जातंतू आपल्यापेक्षा चपळ नसतात. पुढे मायकेल लँड यांच्याबरोबर त्यांनी २००० साली फलंदाजांच्या डोळ्यांचा मागोवा घेतला. फलंदाज चेंडूवर सतत नजर ठेवत नाही. चेंडू सुटताना पाहतो, मग नजर उडी मारून चेंडू जिथे टप्पा खाणार तिथे आधीच जाऊन बसते. चांगल्या फलंदाजाची नजर ही उडी लवकर घेते. 'चेंडूवरची नजर काढू नकोस' असं आपण पोरांना ओरडून सांगतो, आणि उत्तम फलंदाज नेमकी ती थोडा वेळ काढून पुढे पाठवतो.

यातून एक काळजी वाटते, ती इथे बोललीच पाहिजे. आपल्या शहरांतल्या अकादम्यांमध्ये आता बोलिंग मशीन असतात. मशीनला खांदा नसतो, मनगट नसतं, धावत येणं नसतं. फलंदाज चेंडू सुटायच्या आधीच गोलंदाजाच्या अंगावरून बरंच काही वाचत असतो आणि ते वाचन मशीनसमोर होत नाही. फटक्याची घडण बसवायला मशीन ठीक आहे. टायमिंग मात्र दहा तऱ्हेच्या माणसांनी नेटमध्ये टाकलेल्या चेंडूंवरच तयार होतं. मुंबईच्या मैदानांवर एकाला लागून एक पिचवर सामने चालतात, नेटमध्ये कोणीही येऊन गोलंदाजी करतो, ती गजबज मुलांच्या वाट्याला राहायला हवी.

रंगभूमीवर समोरची गोष्ट म्हणजे माणसं. विनोदी नटाचं टायमिंग हे मुख्यतः हशाचं ज्ञान असतं. हशा एकदम उसळत नाही. पहिल्या रांगांतून सुरू होतो, बाल्कनीत पोहोचतो, तिथून परत येतो, शिखरावर जातो आणि उतरायला लागतो. पुढचं वाक्य त्या उतारावर टाकायचं. शिखरावर टाकलं तर बुडतं, पूर्ण शांत झाल्यावर टाकलं तर प्रयोग पहिल्यापासून उभा करावा लागतो. 'बटाट्याची चाळ'चे एकपात्री प्रयोग पु. ल. देशपांडे करत, त्यांची ध्वनिमुद्रणं लक्ष देऊन ऐका. वाक्यांइतक्याच त्यांच्यामधल्या जागा ऐका. तिथे लेखक थांबलेला असतो आणि नट प्रेक्षकांना ऐकत असतो. हशाची ही चाल दर गावात वेगळी, शनिवारी रात्री वेगळी आणि रविवारी दुपारी वेगळी. म्हणून पाचशेवा प्रयोगही पाठांतरावर होत नाही.

शेतकऱ्याकडे यासाठी आपला स्वतःचा शब्द आहे, वाफसा. पाऊस पडल्यावर काळी जमीन लगेच कसता येत नाही. ओली असताना औत घातलं तर चिखल होतो, फार वाळली तर ढेकळं निघतात. मधला तो काळ म्हणजे वाफसा, आणि तो थोडा असतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दर जूनमध्ये सांगतं, ते याच हिशेबाने. मृगाच्या पहिल्या सरीवर चाड्यावर मूठ धरली आणि मग पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणी ठरलेली.

आता शब्दाची एक सैल बाजू सांगतो. ठरवलेलं नसताना एखादा माणूस नेमका आला की इंग्रजीत 'काय टायमिंग!' म्हणतात आणि आपणही म्हणू लागलो आहोत. त्याला योगायोग म्हणावं. त्यात कोणाचं ज्ञान नसतं.

याहून गंभीर वापर सार्वजनिक जीवनातला आहे. 'तुमची मागणी रास्त आहे, पण टायमिंग चुकलं.' हे वाक्य तुम्ही सर्वांनी ऐकलं असेल. आपल्याकडे आधी राजकीय सुधारणा की आधी सामाजिक, हा टिळक-आगरकरांच्या काळातला मोठा वाद होता. तोही एका अर्थी टायमिंगचाच वाद. पण या वापराचा कस जिथे पुरता लागला ते ठिकाण अमेरिकेत आहे, अलाबामातलं बर्मिंगहॅम.

मार्टिन लूथर किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली तिथे वर्णभेदाविरुद्ध मोहीम आखली. ईस्टरच्या आधीचा काळ निवडला, कारण नाताळ सोडला तर खरेदीचा सर्वांत मोठा हंगाम तोच आणि बहिष्काराची झळ व्यापाऱ्यांना तेव्हाच लागणार होती. मार्चमध्ये महापौरपदाची निवडणूक आली, म्हणून त्यांनी मोहीम पुढे ढकलली. त्या निवडणुकीत निकाल लागला नाही आणि दुसरी फेरी ठरली. तीत पोलिसांवर अंमल असलेला, वर्णभेदाचा कडवा समर्थक यूजीन कॉनर उमेदवार होता. आंदोलनाचा त्याला फायदा मिळू नये म्हणून मोहीम पुन्हा पुढे ढकलली. कॉनर २ एप्रिलला हरला आणि ३ एप्रिलला निदर्शनं सुरू झाली. इतका विचार करून निवडलेली वेळ. १२ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, किंग यांना अटक झाली आणि त्याच सुमारास शहरातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी पत्रक काढलं की ही निदर्शनं शहाणपणाची नाहीत आणि अवेळी आहेत.

किंग यांनी तुरुंगात वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर उत्तर लिहायला घेतलं. १६ एप्रिलची तारीख असलेलं ते पत्र जगभर वाचलं गेलं. त्यात त्यांनी मोहीम दोनदा का थांबवली ते सांगितलं. आणि असंही सांगितलं की ज्यांनी वर्णभेदाचा रोग भोगला नाही त्यांच्या मते योग्य वेळेची ठरेल अशा एकाही चळवळीत आपण आजवर भाग घेतलेला नाही.

मला इथे फरक दिसतो तो असा. मेकॅनिक चुकला तर गिऱ्हाईक त्याच्याकडे परत येतं, फलंदाज चुकला तर तोच बाद होतो, नटाचा हशा बुडतो, शेतकऱ्याचं बी मरतं. थांबायचं किती हे ठरवणारा आणि चुकीची किंमत मोजणारा यांचं नातं जवळचं असतं. 'अजून वेळ आलेली नाही' असं बर्मिंगहॅममध्ये सांगणाऱ्यांची एक दुपारही त्या थांबण्यात जाणार नव्हती. थांबायचं होतं ते दुकानात कपडे घालून पाहायची परवानगी नसलेल्या आणि उपाहारगृहाच्या बाकावर बसू न दिल्या जाणाऱ्या माणसांना. अशा जागी टायमिंग चुकलं असं म्हणणाऱ्याला एक प्रश्न लगेच विचारला पाहिजे. मग तारीख कोणती?

व्यापाऱ्यांना ती तारीख पुढच्या काही आठवड्यांत द्यावी लागली. मे महिन्याच्या सुरुवातीला शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली, त्यांच्यावर सोडलेले कुत्रे आणि पाण्याचे फवारे जगाने छायाचित्रांत पाहिले, आणि १० मे रोजी करार जाहीर झाला. दुकानांतल्या कपडे घालून पाहायच्या खोल्या, उपाहारगृहांचे बाक, स्वच्छतागृहं आणि पिण्याच्या पाण्याच्या जागा सर्वांना खुल्या करायच्या, आणि त्यासाठीची मुदत ९० दिवस.